बिनछिद्राचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि आजवर माझ्यावर कुणाचाही फोन आलेला नाही. एकही नाही. हसू आलं ना? हसा खुशाल. बर्डीच्या बाजारातल्या दुकानात तर माझ्या तोंडावर हसले होते लोक. पण नागपुरात तांडापेठेतल्या एका मागाशेजारी आज मी ज्या मानानं टांगलेला आहे, तो मान तुमच्या खिशातल्या महागड्या फोनांना सात जन्मांत मिळायचा नाही. ही बढाई नव्हे. ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यापुढे हजार भावंडं आणि मागेही हजार. सगळं अंग जोडून झाल्यावर शेवटी मला एक कुलूप घातलं गेलं. लोखंडाचं नव्हे, आतलं. एका परदेशी कंपनीनं मला विकत घेतलं होतं आणि तिची अट होती की, तिचंच सिम घातलं तर मी बोलायचं, दुसऱ्या कुणाचं घातलं तर तोंड उघडायचं नाही. शिवाय त्या कंपनीनं आपलं कसलंकसलं सामान माझ्या पोटात कोंबलं होतं. ते कुणाच्या कामाचं नव्हतं आणि काढताही येत नव्हतं. या अटींमुळेच मी स्वस्त होतो. अमेरिकेतल्या एका दुकानात प्लॅस्टिकच्या पाकिटात मी खुंटीवर लटकत होतो, किराणा सामानाच्या शेजारी.

तिथून मला उचललं अरुंधतीबाईंनी. मूळच्या त्या नागपूरच्याच. मला घेतल्याला आठवडाही झाला नसेल, तोच त्यांची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती झाल्याचं कळलं आणि बाई धावत आल्या. मी पर्सच्या तळाशी. आई बरी झाली. त्या महिनाभरात आईला उचलून बसवणारा, जिन्यावरून खुर्चीसकट खाली आणणारा, बाईंना वेळेवर चहा आणून देणारा माणूस होता वॉर्डबॉय चेतन पराते. जाताना बाईंनी मला त्याच्या हातावर ठेवलं. कुलूप काढून घे, नवाच आहे, म्हणाल्या. त्यांच्या मनात खोट नव्हती. इथे कुलूप निघणं किती कठीण ते त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

चेतन मला घेऊन ताठ मानेनं बर्डीला गेला. अमेरिकेचा फोन म्हटल्यावर चार माणसं जमली. दुकानदार बंटीनं माझ्यात एक सिम घातलं, दुसरं घातलं, तिसरं घातलं. मी दर वेळी तेच एक वाक्य दाखवलं, की हे सिम मला चालत नाही. मला काय लाज वाटली म्हणून सांगू! शेवटी बंटी म्हणाला, "भाऊ, हा मोबाइल नाई, आरसा हाय. भांग पाडाले कामात येईल." कुलूप तोडायचं सामान आपल्याकडे यायचं आहे, चार-सहा महिन्यांनी चक्कर मार, असंही त्यानं सांगितलं. चेतननं घरी येऊन मला फळीवर ठेवलं, धाग्याच्या कांड्यांच्या डब्यामागे. तिथे मी पाच महिने पडून होतो. अंगावर सुताचा भुगा साचला होता.

आता घराविषयी सांगतो. पराते म्हणजे विणकरांचं घर. पुढच्या खोलीत एकच वस्तू, ती म्हणजे हातमाग, आणि त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबनराव, चेतनचे वडील. त्यांचा एक काठ होता, चिमणपावली. रेशमी लुगड्याच्या कडेनं चिमणीची इवली इवली पावलं चालत गेल्यासारखा. तो त्यांच्या आजोबांनी बसवला आणि साऱ्या नागपुरात तो विणणारे आता एकटे बाबनरावच उरले होते. एक पाऊल पुरं व्हायला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या एकशे साठ फेऱ्या लागत. दर फेरीला काठाचे कोणते धागे उचलायचे आणि कोणते सोडायचे, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते गाण्यात होतं. बाबनराव गुणगुणत, "दोन उचल, एक सोड, चिमणे बाई, बोट मोड..." आणि त्यांची बोटं तसतशी चालत. हात चालले तरच गळा चालायचा आणि गळा चालला तरच हात. कागदावर उतरवायला बसवलं की अकराव्या फेरीलाच गाडी अडायची.

म्हणून त्या घराचा एक कडक नियम होता, मागापाशी फोन आणायचा नाही. सात वर्षांपूर्वी चेतनही मागावर बसायचा, साध्या विणीपुरता. एकदा ऐन काठात त्याचा फोन वाजला, बाबनरावांचं गाणं तुटलं आणि चार बोटं विणलेलं रेशीम उसवावं लागलं. बापानं नको नको ते बोलून घेतलं. मुलगाही काही कमी नव्हता. तुमच्या मागापरीस दवाखान्यातली बेडपॅन बरी, असं म्हणून तो जो उठला, तो पुन्हा त्या खड्ड्यात उतरला नाही. बाप-लेक एका ताटात जेवत, पण मागाचा विषय निघाला की एक जण पाणी प्यायला उठे.

मला फळीवरून काढलं चेतनच्या बायकोनं, काजलनं. ती उमरेडच्या विणकराची लेक. दिवसभर ती चरख्यावर कांड्या भरायची आणि तिला गाण्याचा भारी नाद. स्वतःचा फोन मागापाशी आणायची सोय नाही. मग तिनं मला पुसलं, चार्ज केलं, नखाएवढं एक कार्ड गाण्यांनी भरून आणलं आणि माझ्यात सरकवणार, तेवढ्यात बाबनरावांनी हटकलं. फोन काहून आणला? ती म्हणाली, मामाजी, हा फोन नाहीच, याच्यात कार्ड टाकलं की हा नुसता गातो.

कार्ड हा शब्द ऐकून बाबनरावांनी धोटा थांबवला. मित्रांनो, विणकराच्या लेखी कार्ड म्हणजे पुठ्ठ्याची छिद्रं पाडलेली पट्टी. शेजारच्या चंद्रभानच्या यंत्रमागावर तसल्या पट्ट्यांची माळ फिरते. जिथे छिद्र तिथे धागा उचलला जातो, आणि तशी नक्षी उमटते. बाबनरावांनी ते नखाएवढं कार्ड चिमटीत धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराच्या उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं.

"याच्यात छिद्र कुठी हाय वं?"

काजलला हसू आवरेना. छिद्रं नसतात, आवाजानं भरतात, असं तिनं सांगितलं. बाबनरावांनी कार्ड तिच्या हातावर परत ठेवलं. मग त्यांनी एकच विचारलं, की याला कुणाचा फोन येतो का? काजल म्हणाली, नाही, याला कुलूप आहे, कधीच येणार नाही. "मंग राहू दे," ते म्हणाले. "मधात बोंबलत नाई, असाच पाहुणा पाहिजे घरात."

झालं! ज्या कुलपापायी मी बर्डीत हसं करून घेतलं, त्याच कुलपानं मला त्या मागापाशी जागा दिली. काजलनं उरलेल्या कापडाची पिशवी शिवली. टांगायला मागावरच्या आढ्याला एक जुना आकडा होताच. बाबनरावांच्या पत्नी सखूबाई तो आकडा दाखवून म्हणाल्या, की हा चेतनच्या झोळीचा. पाच वर्षांचा घोडा झाला तरी पोरगा झोळीतून उतरत नसे, कारण एक पाऊल विणून झालं की बाबनराव पायानं झोळीला झोका देत. तोवर पोरगा श्वास रोखून गाणं ऐके. त्या आकड्याला मी लटकलो. मग काय विचारता! सकाळी सखूबाईंची भजनं, दुपारी काजलची सिनेमाची गाणी, आणि काठ आला की काजल मला गप्प करी. जाहिरात नाही, निरोप नाही, घंटा नाही. माझ्याइतका सुखी फोन अख्ख्या तांडापेठेत नव्हता.

त्या पावसाळ्यात बाबनरावांचा आवाज बसला. बिडी ओढल्यानं बसला असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी चेतननं त्यांना धंतोलीला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, की जीव वाचेल, पण गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. दहा दिवसांनंतरची तारीख दिली. घरात कुणी रडलं नाही, हे मला जास्त लागलं. सखूबाई तांदूळ निवडत बसल्या, ते आधीच निवडलेले होते.

तुम्ही म्हणाल, कापड पाहून काठ शिकता येत नाही का? काजलनं तेच केलं. भिंग घेऊन धागे मोजले. पण रेशीम बारीक, आणि काठ दोन्ही अंगांनी सारखा. उचललेला धागा कोणता आणि सोडलेला कोणता, हे कळेपर्यंत डोळ्यांना धारा लागत आणि आकडा दर वेळी वेगळा निघे. बाबनराव मागावरून तिचं हे पाहत होते. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द कळत होते.

"काजल, त्या बिनछिद्राच्या कार्डात माहा काठ भरते का वं?"

काजलनं डोळ्यांना पदर लावला आणि मला आकड्यावरून काढलं. चंद्रभानला निरोप गेला. त्यानं तासाभरासाठी सगळे यंत्रमाग बंद केले. गल्ली इतकी शांत झाली की समोरच्या घरातली फोडणी ऐकू येत होती. काजलनं माझं बटण दाबलं, आणि बाबनरावांनी धोटा टाकला. खट् खट् मागाचा ठेका, आणि त्यावर तो खरखरीत गळा. "दोन उचल, एक सोड..." मी एक एक अक्षर पोटात घेत होतो. माझ्यासारख्या मुक्यावर एवढा भरवसा कुणी टाकला होता? मी फुलून गेलो होतो.

पण मित्रांनो, इथेच माझा घात झाला. नवं काही भरायचं तर मी ते कार्डात न ठेवता पोटात ठेवत होतो. तशी माझी घडणच होती. पोटात त्या कंपनीचं सामान ठासून भरलेलं. एकशे एकतिसाव्या फेरीला जागा संपली. मी तोंडावर अक्षरं आणली, की जागा शिल्लक नाही. कोण पाहणार? सगळ्यांचे डोळे बाबनरावांच्या बोटांवर. ते गातच राहिले आणि शेवटच्या एकोणतीस फेऱ्या माझ्या समोर हवेत विरून गेल्या. मला हात असते तर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. विणून झालेलं लुगडंही त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाकडे गेलं.

दीड महिन्यानं बाबनराव मागावर बसले. गळ्याला पांढरी पट्टी, हातात पाटी-लेखणी. नुसते हात चालवून पाहिले, बोटं धाग्यावर जाऊन थांबली. गळा नाही तर हात नाहीत, हे त्यांना ठाऊकच होतं. काजलनं मला आकड्याला टांगलं आणि सुरू केलं. स्वतःचा आवाज ऐकून त्यांचे खांदे हलले. मग बोटं चालू लागली! शंभर फेऱ्या झाल्या, एकशे वीस झाल्या. सखूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एकशे एकतीस झाली आणि मी गप्प झालो.

काजलला वाटलं बॅटरी गेली. तिनं पुन्हा लावलं, मी पुन्हा तिथेच गप्प. तेव्हा तिला कळलं. तिनं आठ दिवस खटपट केली, शेवट अंदाजानं विणून पाहिला, तीनदा उसवला. चिमणीचं पाऊल कधी बदकाचं होई, कधी कशाचंच नाही. नवव्या दिवशी बाबनरावांनी पाटीवर लिहिलं, 'राहू दे पोरी', आणि मागावर चादर टाकली. मी परत फळीवर गेलो, कांड्यांच्या डब्यामागे. या खेपेला मला त्याचं काही वाटलं नाही. तीच माझी लायकी, असं मी धरून चाललो.

चेतनला या सगळ्याचं वाईट वाटत होतं, पण मागाविषयी बोलायची त्याची जीभ सात वर्षांपूर्वीच अडली होती. त्यानं आपल्या परीनं उपाय काढला. बाबांना बोलता येत नाही, निदान फोनवर लिहून तरी बोलतील. कुणाला न सांगता त्यानं मला खिशात घातलं आणि बर्डी गाठली. बंटीकडे आता कुलूप तोडायचं सामान आलं होतं. दहा मिनिटांत सिम चालू करून देतो, म्हणाला, फक्त आतलं सगळं उडेल.

चेतन म्हणाला, उडू दे, अर्धवटच आहे ते.

मित्रांनो, तेव्हा मला फार भीती वाटली. ज्या कुलपाला मी जन्मभर बोल लावला ते निघणार होतं, मी खरा फोन होणार होतो, आणि मला ते नको होतं! पण माझ्या मनाला कोण विचारतो? बंटीनं मला वायर जोडली. मात्र माणूस कामाचा पक्का. काम सुरू करायच्या आधी भोंगा नीट आहे का पाहावं म्हणून त्यानं समोर दिसलं ते दाबलं. बर्डीच्या त्या गोंगाटात मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून गायलो.

"दोन उचल, एक सोड, चिमणे बाई, बोट मोड..."

चेतन काउंटरवर वाकलेला होता, तो सरळ झाला. बापाचा आवाज त्यानं अडीच महिन्यांनी ऐकला. ध्वनिमुद्रणाच्या दुपारी तो ड्यूटीवर होता आणि पुढे ऐकायचं त्यानं टाळलं होतं. बंटीनं बंद करायला हात पुढे केला, तो हात चेतननं धरून ठेवला. पन्नास फेऱ्या, शंभर फेऱ्या. गिऱ्हाइकं खोळंबली. चेतनचे पाय फरशीवर मागाच्या पावड्या दाबल्यासारखे हलत होते, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. एकशे एकतीस आली. मी थांबलो.

चेतन थांबला नाही.

त्याच्या तोंडून पुढचं आलं. पहिल्यांदा पुटपुटत, मग मोकळ्या आवाजात. एकशे बत्तीस, एकशे तेहतीस. झोळीतल्या पोराला सुरुवातीचं गाणं कशाला हवं असतं? त्याचे कान असत शेवटाकडे, कारण शेवटी झोका होता. "एक उचल, सारे सोड, चिमणे बाई, पाऊल जोड." एवढं म्हणून चेतन जो खिळून उभा राहिला, त्याला बंटीनं दोनदा हाक मारली तरी ऐकू गेलं नाही.

"भाऊ, तोडू का मंग कुलूप?"

"नको गा," चेतन म्हणाला. "असू दे. हेच बराबर हाय."

त्या संध्याकाळी त्यानं घरी येऊन मागावरची चादर काढली. मला आकड्याला टांगलं. स्टूल ओढून तो बरोबर माझ्या खाली बसला, जिथे पूर्वी झोळी होती. काजलनं बाबनरावांना हाताला धरून आणलं. ते बसले. मी गाऊ लागलो, बोटं चालू लागली. एकशे एकतिसाव्या फेरीला मी गप्प झालो, तसा चेतननं खालून सूर उचलला. बाबनरावांची बोटं क्षणभर अडली. मग चालली. दर फेरीला चालली! मित्रांनो, चेतनचं चुकलं असतं तर ती बोटं जागीच थांबली असती, ती कुणाची भीड धरणारी नव्हेत. "पाऊल जोड" म्हणताना धोटा शेवटचा गेला आणि काठावर चिमणीचं पाऊल नखांसकट उमटलं.

काजल वाकून म्हणाली, मामाजी, मिळालं.

बाबनरावांना बोलता येत नव्हतं, आणि पाटी लांब होती. त्यांनी खड्ड्यातून उजवा पाय वर काढला आणि त्या पायानं पस्तीस वर्षांच्या चेतनच्या स्टुलाला हलकाच धक्का दिला. चेतन गुडघ्यांत तोंड घालून ढसाढसा रडला. सखूबाईही रडल्या. मला रडता येत नाही, म्हणून मी फक्त आकड्यावर थोडा झुललो.

दुसऱ्या दिवशी काजलनं मागापासून लांब, स्वतःच्या फोनवर चेतनकडून शेवट गाऊन घेतला, कार्डातली आपली आवडती अकरा गाणी पुसली आणि त्या जागी तो शेवट भरला. त्यासाठी माझं कार्ड बाहेर काढलं तेव्हा बाबनरावांनी ते मागून घेतलं, उजेडात धरलं, चष्मा वर केला आणि छिद्र शोधल्याचं सोंग करून आवाजाविना खदखदून हसले.

आज चिमणपावली काजल विणते. शेवटच्या एकोणतीस फेऱ्यांना आता तिला माझी गरज उरलेली नाही, पण ती मला बंद करत नाही. रविवारी चेतन खड्ड्यात उतरतो आणि बाबनराव माझ्या आवाजावर दोघांच्या चुका काढतात, म्हणजे पाटी आपटतात. मी एका गळ्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट सांभाळून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं फळीवर टाकलेलं असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस असेल, ज्याला कुणाचा फोन येत नाही. टाकून द्यायच्या आधी त्याला एकदा वाजवून पाहा, आणि तो मध्येच थांबला तर तुम्ही थांबू नका. पुढचं कदाचित तुम्हालाच येत असेल.

बरं, आता पुरे. काजलनं धोटा हातात घेतला आहे, मला कामाला लागायचं आहे.